गावचे चर्च : तळावली येथील संत आनाच्या मंदिराचा इतिहास व वास्तुरचना

प्राथमिक शाळेच्या इतिहास व परिसर अभ्यासात देवळे, लेणी, किल्ले व मशिदी यांची ओळख विद्यार्थ्यांस करून दिली जाते. ख्रिस्ती प्रार्थनामंदिराविषयी मात्र बहुधा एकदोन वाक्यांपलीकडे माहिती सांगितली जात नाही. कोल्हापूर शहरातील मुलांनी वायल्डर मेमोरियल चर्च पाहिलेले असते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असून त्याचा संबंध १८५२ साली कोल्हापुरास आलेल्या अमेरिकन मिशनशी आहे. कॅथलिक पंथाचे गावचर्च ही याहून निराळी संस्था आहे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आजरा व आंबोली घाटाच्या वाटेने खाली उतरले म्हणजे सावंतवाडीनंतर गोव्यात अशी चर्चे गावोगाव दिसू लागतात. कॅथलिक धर्मव्यवस्थेतही हा प्रदेश आपणांस परका नाही. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून जो सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा करण्यात आला, त्यात कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे येतात आणि त्याचे प्रमुख चर्च सावंतवाडीस आहे.

प्रस्तुत लेखात गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील तळावली या गावचे संत आनाचे चर्च उदाहरणादाखल घेतले आहे. जुन्या गोव्यातील भव्य चर्चे सहलीत सर्वजण पाहतात. तेथून दक्षिणेस काही किलोमीटरांवर, पिलारजवळ असलेले हे चर्च पाहण्यास मात्र फार थोडे लोक जातात. वास्तविक वास्तुशास्त्राच्या जाणकारांनी त्याची गणना गोव्यातील सर्वोत्कृष्ट इमारतींत केली आहे. राजधानीतील मोठ्या संघांनी किंवा राजाने नव्हे, तर एका गावाने आपल्यासाठी उभारलेली ही वास्तू आहे, हे तिचे विशेष महत्त्व होय.

धर्मग्राम म्हणजे काय

कॅथलिक व्यवस्थेत एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली असणाऱ्या वस्तीस धर्मग्राम म्हणतात. या धर्मगुरूस गोव्यात विगार म्हणतात, तर चर्चला कोकणीत इगर्ज असे नाव आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. मूल जन्मले की त्याचा स्नानसंस्कार याच चर्चमध्ये होतो, लग्न तेथेच लागते आणि मृत्यूनंतरची प्रार्थनाही तेथेच म्हटली जाते. या तिन्ही गोष्टींची नोंद चर्चच्या वह्यांत होत असे. सरकारी जन्ममृत्यूची नोंद सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी या वह्या इतिहासाचे मोलाचे साधन ठरल्या आहेत.

चर्चचा आर्थिक कारभार गावातील सभासदांच्या मंडळाकडे असतो. गोव्यात त्यास फाब्रिका म्हणतात. याशिवाय सण साजरे करणे, मृतांच्या अंत्यविधीस साहाय्य करणे इत्यादी कामांसाठी गावकऱ्यांची वेगळी मंडळे असतात. आपल्याकडील देवस्थानाचे मानकरी, पुजारी व उत्सवसमिती यांची आठवण येथे होईल. चर्चला जोडून एक शाळाही असे. तीत मुलांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि विशेषतः संगीत शिकवीत. गोव्यातील अनेक वादक पुढे मुंबईत येऊन चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत काम करू लागले. पाश्चात्त्य स्वरलिपीचे पहिले धडे त्यांनी अशा गावशाळांतच घेतले होते.

इतिहासाची पार्श्वभूमी

पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा शहर जिंकले. त्याबरोबर तिसवाडी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. पहिली तीस वर्षे तेथील हिंदू देवळांस मोठासा उपद्रव झाला नाही. १५४० च्या सुमारास धोरण बदलले. बेटावरील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ साली देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या चर्चच्या खर्चासाठी लावून देण्यात आले. १५६० साली धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन स्थापन झाले. मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. अनेक कुटुंबांनी आपल्या देवांच्या मूर्ती घेऊन नदीपलीकडे स्थलांतर केले. फोंडा महालातील अनेक देवस्थाने अशा रीतीने तेथे आलेली आहेत.

हा भाग शिक्षकांनी झाकून ठेवू नये. त्याचबरोबर तेवढ्यावरच थांबूही नये. जे लोक गावात राहिले व ख्रिस्ती झाले, ते त्याच मातीतील शेतकरी, सुतार, गवंडी, सोनार व कुळकर्णी होते. त्यांची भाषा, गावकीची पद्धत आणि हातातील कसब तेच राहिले. पुढील दीडशे वर्षांत त्यांनी जी चर्चे बांधली, त्यांत हे कसब स्पष्ट दिसते.

तळावली येथे सोळाव्या शतकातच एक लहान चर्च होते. त्याविषयी एक लोककथा सांगतात. हातात काठी घेतलेली एक वृद्ध स्त्री टेकडीवरून उतरताना एका गावकऱ्यास दिसली व ‘मी आता या गावात राहावयास येणार’ असे तिने सांगितले. ती येशूची आजी, म्हणजे मरियेची आई, संत आना होती, असे लोकांनी मानले व चर्चला तिचे नाव मिळाले. देवता वृद्धेच्या रूपाने वेशीवर येते आणि राहण्यास जागा मागते, ही कथा आपल्या ग्रामदेवतांच्या कथांशी किती जुळते, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

सध्याची भव्य इमारत सतराव्या शतकाच्या अखेरीची आहे. तिचे काम १६८१ च्या सुमारास सुरू झाले व १६९५ च्या सुमारास पूर्णत्वास गेले. ते फ्रांसिस्कु द रेगू या गोमंतकीय धर्मगुरूने हाती घेतले आणि त्याच्या पश्चात ते तडीस गेले.

बांधकामाचा काळ

हे वर्ष मराठ्यांच्या इतिहासातही लक्षात राहण्यासारखे आहे. शिवाजी महाराजांच्या निधनास जेमतेम एक वर्ष झाले होते. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने तिसवाडीलगतचे जुवे बेट घेतले आणि गोवा शहर घाबरून गेले. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे १६८४ च्या आरंभी मराठ्यांना माघारी वळावे लागले. तळावलीच्या चर्चचे काम हाती घेतल्यावर दोनतीन वर्षांतच गावच्या जवळपास ही धामधूम झाली.

संकट टळताच आणखी एक घटना घडली. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, ख्रिस्ती झालेल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. वस्तुतः याच भूमीत, सासष्टीतील राशोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले होते. स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि मराठी शिकून त्यांनी ओवीबद्ध पुराणाच्या थाटात बायबलमधील कथा सांगितली. छपाई रोमन लिपीत झाली असली तरी भाषा मराठीच होती आणि गावोगावच्या चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे. जी भाषा धर्मोपदेशासाठी जवळ केली, तीच अडुसष्ट वर्षांनी त्याज्य ठरविण्यात आली. हुकुमाने भाषा नष्ट झाली नाही. लोक घरात व शेतात कोकणीच बोलत राहिले. मात्र मुलांच्या मातृभाषेतील शिक्षणाची जी हानी झाली, ती भरून निघण्यास फार काळ लागला. भाषा तोडली गेली, पण याच वर्षांत गावच्या कारागिरांनी दगडचुन्यात आपल्या परीने जे सांगितले ते टिकून राहिले.

बांधणारे कोण

पूर्वी गोव्यातील चर्चे म्हणजे युरोपातील नमुन्यांची नक्कल असे समजले जाई. जोसे परेरा यांनी ‘बरोक गोवा’ या ग्रंथात व पुढे पोर्तुगीज अभ्यासक पावलु व्हारेला गोमिश यांनी गोव्यातील चर्चवास्तूंच्या इतिहासात हे मत खोडून काढले. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोमंतकीय धर्मगुरू व गवंडी यांनी स्वतःची अशी एक शैली घडविली आणि तळावलीचे चर्च तिचा उत्तम नमुना आहे, असे आता मानले जाते. जवळच्याच दिवाडी बेटावरील पिएदाद चर्च अठराव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले. त्याच्या आराखड्याचे श्रेयही आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूस देतात.

याचे कारण समजण्याजोगे आहे. युरोपीय संघांतील पाद्री स्थानिक धर्मगुरूंस बरोबरीचे स्थान देण्यास नाखूश असत. दिवाडीच्याच मातेउश द काश्त्रु या ब्राह्मणकुळातील धर्मगुरूस गोव्यात डावलले गेले. पुढे रोमने त्यास १६३७ साली बिशप केले. लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप होत. ज्यांना धर्मकारभारात वरचे स्थान मिळत नव्हते, त्यांनी आपल्या गावच्या चर्चमध्ये आपली योग्यता दाखवून दिली. तळावलीच्या इमारतीची भव्यता गावाच्या मानाने मोठी का आहे, याचा उलगडा यातून होतो.

बांधकामाचे साहित्य

इमारतीचा मुख्य दगड जांभा आहे. आजरा, चंदगड तालुक्यांतील आणि पन्हाळ्याजवळील मसाई पठारावरील शाळांच्या विद्यार्थ्यांस हा दगड परिचित आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो व कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा लागला की तो कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे काळ्या दगडाप्रमाणे त्यावर बारीक नक्षी कोरता येत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरील मूर्ती जांभ्यात घडविणे शक्य नव्हते. म्हणून गोव्याचे कारागीर जांभ्याची भिंत उभारून तिच्यावर चुन्याचा जाड गिलावा देत आणि नक्षीकाम त्या गिलाव्यात करीत.

चुना शिंपले भाजून मिळवीत. खिडक्यांच्या तावदानांसाठीही काचेऐवजी एका जातीच्या समुद्री शिंपल्याच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी चौकटीत बसवीत. त्यांतून येणारा प्रकाश मंद व दुधी असतो आणि उन्हाची तिरीप डोळ्यांस लागत नाही.

गिलाव्याचे काम शोभेपुरते नाही. कोकणातील पाऊस उघड्या जांभ्यात मुरतो, त्यात शेवाळ धरते, झाडांची मुळे शिरतात आणि भिंत खिळखिळी होते. चुन्याचा गिलावा पाणी बाहेर अडवितो आणि भिंतीत शिरलेला ओलावा बाहेरही पडू देतो. अलीकडे काही जुन्या वास्तूंवर सिमेंटचा गिलावा दिला गेला. त्यामुळे ओलावा आत कोंडला जाऊन हानी अधिक झाली, असे जतनकार्यातील तज्ज्ञांचे मत आहे.

बाह्य रचना

चर्चचा दर्शनी भाग हा त्याचा सर्वांत प्रभावी भाग आहे. मध्ये मजल्यांवर मजले चढत गेलेली भिंत आणि दोन बाजूंस दोन चौकोनी मनोरे अशी त्याची मांडणी आहे. प्रत्येक मजल्यावर खिडक्या आहेत. भिंतीस चिकटलेले अर्धस्तंभ व आडवे पट्टे यांनी सर्व पृष्ठभाग चौकटींत विभागला आहे. ठिकठिकाणी शिंपल्याच्या आकाराची नक्षी दिसते. दोन मनोऱ्यांची कल्पना जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या चर्चवरून घेतली असावी. उंच, अनेक मजली व दोन मनोऱ्यांचा असा दर्शनी भाग गोव्यात प्रथम तेथे उभा राहिला होता. तळावलीच्या कारागिरांनी ती कल्पना घेऊन तिला अधिक प्रमाणबद्ध रूप दिले. मूळ कल्पना दुसऱ्याची असली तरी ती पचवून स्वतःची करता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अंतर्रचना

आतील आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. तो समजावून देताना देवळाशी तुलना करावी. भाविक जेथे बसतात त्या लांबट दालनाची सभामंडपाशी तुलना करता येईल. दालनाच्या टोकाशी वेदी असते. तेथे मिस्सा नावाचा मुख्य उपासनाविधी होतो. त्या जागेची तुलना गाभाऱ्याशी करता येईल. दालन व वेदी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंस आडव्या भुजा निघतात, त्यामुळे वरून पाहिल्यास इमारतीला क्रुसाचा आकार येतो.

मात्र एक मोठा फरक आहे आणि तो मुलांना अवश्य सांगावा. देवळात भक्त एकेक करून दर्शन घेतो. त्यामुळे गाभारा लहान व अंधारा असला तरी चालते. चर्चमध्ये सर्व गावाने एकाच वेळी बसून एकच विधी पाहावयाचा व उपदेश ऐकावयाचा असतो. म्हणून मध्ये खांब नसलेले प्रशस्त दालन लागते. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत, तर तळावलीच्या दालनात मधोमध एकही नाही. छताचा भार पूर्णपणे दोन बाजूंच्या भिंतींवर येतो. हे छत लाकडी नसून अर्धगोल कमानीप्रमाणे बांधून काढलेले आहे. अशी कमान भिंतींना बाहेरच्या बाजूस रेटत असते. तो रेटा सोसण्यासाठी भिंती अतिशय जाड ठेवाव्या लागल्या. या जाडीचा उपयोग करून भिंतींच्या आत जाण्यायेण्याचे मार्ग ठेवले आहेत. पापनिवेदनासाठी लोकांस कोणाच्या नजरेस न पडता जाता यावे म्हणून ते केले, असे सांगतात.

संत आनाचे चित्र किंवा मूर्ती ख्रिस्ती कलेत बहुधा एका ठरावीक रीतीने दाखवितात. ती आपल्या लहान मुलीस, मरियेस, पुस्तक उघडून वाचावयास शिकवीत असते. घरी मुलीस अक्षरओळख करून देणारी आई हा या संताचा विशेष आहे. प्राथमिक शिक्षकांस तो सहज आपला वाटेल.

काकड्यांचा सण

संत आनाचा सण २६ जुलै रोजी येतो व त्या सुमारास तळावलीस मोठी जत्रा भरते. तिला ‘तवशांचे फेस्त’ म्हणतात. तवशे म्हणजे काकडी. पावसाळ्यातील पहिल्या काकड्या या दिवसांत तयार होतात आणि अपत्याची इच्छा असलेली जोडपी त्या संत आनास वाहतात. काकडी व मूल या अर्थाच्या दोन पोर्तुगीज शब्दांचे यमक जुळते, असेही एक कारण देतात. कारण कोणतेही असो, शेतातील पहिले पीक देवास अर्पण करण्याची व मूल मागण्याची चाल या मातीतील फार जुनी आहे. सणाच्या दिवशी शेजारच्या गावांतील लोकही येतात.

वास्तू टिकली कशी

ज्या संत ऑगस्टीनच्या चर्चवरून तळावलीने दोन मनोरे घेतले असावेत, त्याचे पुढे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले व ऑगस्टिनियन साधूंना मठ सोडावा लागला. तेथे धर्मग्राम नव्हता, कारण शहर आधीच ओस पडले होते. सात वर्षांत, १८४२ साली, छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भाग व एका मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे.

तळावलीचे चर्च एका लहान गावाचे. ते मात्र उभे राहिले. याचे कारण गावकऱ्यांनी ते कधी सोडले नाही. पावसाळा संपला की कौले सारखी करणे, उगवलेली झाडे काढणे, गिलाव्याच्या भेगा भरणे आणि चुना देणे ही कामे वर्षानुवर्षे चालू राहिली. तरीही मोठ्या दुरुस्तीचा खर्च एका गावास झेपणारा नसतो. छत व भिंतींची स्थिती इतकी चिंताजनक झाली की, जागतिक स्मारक निधी या संस्थेने २००० सालच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत या चर्चचा समावेश केला. जुन्या गोव्यातील चर्चे १९८६ साली जागतिक वारशात गेली, परंतु तळावली त्या यादीच्या बाहेर राहिले. ते गोवा शासनाच्या संरक्षित स्मारकांत मोडते. शासनाचे साहाय्य, तज्ज्ञांचा सल्ला आणि गावाची रोजची काळजी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच अशी वास्तू पुढील पिढीच्या हाती जाते. आपल्या गावातील जुने देऊळ, वेस, विहीर किंवा शाळेची इमारत यांनाही हाच नियम लागू आहे.

वर्गातील उपयोग

या विषयाचा उपयोग इयत्ता चौथीपासून पुढे करता येईल. त्यासाठी पुढील सूचना उपयुक्त ठरतील.

१. गावातील देऊळ, मशीद किंवा चर्च यांपैकी जी जुनी वास्तू असेल तिचा साधा आराखडा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. लोक कोठे बसतात, प्रकाश कोठून येतो व छताचा भार कशावर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी पाहून लिहावीत.

२. जांभा व काळा दगड यांचे तुकडे वर्गात आणून पाण्यात बुडवावेत. कोणता अधिक पाणी शोषतो हे पाहून गिलाव्याची गरज मुलांकडूनच काढून घ्यावी.

३. १६८१ ते १६९५ या काळाचा कालपट तयार करून त्यावर मराठ्यांच्या व गोव्याच्या घटना शेजारीशेजारी मांडाव्यात. दोन इतिहास वेगळे नसून एकाच काळी एकमेकांस लागून घडले, हे त्यावरून स्पष्ट होईल.

४. गोव्याकडे सहल नेल्यास जुन्या गोव्याबरोबर एखादे गावचर्चही दाखवावे. आधी तेथील धर्मगुरूंची परवानगी घ्यावी. उपासना चालू असता आत जाऊ नये, मोठ्याने बोलू नये, वेदीच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये आणि भिंतींवर नावे लिहू नयेत. आपल्या गावच्या देवळात परगावच्या मुलांनी जसे वागावे असे वाटते, तसेच वर्तन येथे असावे.

वर्गात कॅथलिक कुटुंबातील एखादे मूल असल्यास त्यास संकोच वाटेल अशी चर्चा होऊ देऊ नये. उलट त्याच्या घरी सण कसा साजरा होतो हे त्याने आपल्या शब्दांत सांगावे व इतरांनी ऐकावे. शेकडो वर्षांपूर्वी कोणी कोणाचे देऊळ पाडले याचा जाब आजच्या मुलाकडे मागावयाचा नसतो. घडले ते खरेपणाने सांगावे आणि त्यातून माणसांनी पुढे काय उभारले तेही तितक्याच खरेपणाने दाखवावे. हे दोन्ही एका पाठात साधले, तर विद्यार्थ्यांस इतिहास कळला असे म्हणता येईल.